इंजिन बदलताय? आधी गाडी काट्यावर घाला

गाडीचं इंजिन बदलायचं म्हटलं की गॅरेजमधला पहिला प्रश्न असतो, "किती बीएचपीचं घालताय?" माझा प्रश्न वेगळा असतो. किती किलोचं? आणि ते बसणार कुठे?

हा प्रश्न मी एकदा विचारला नव्हता, म्हणून आता प्रत्येकाला विचारतो. जुनी, आखूड जीप होती. पेट्रोल इंजिन काढून एका मेस्त्रीकडून डिझेल बसवून घेतलं. सपाट रस्त्यावर गाडी मजेत. पहिल्यांदा आंबा घाट उतरलो तेव्हा तिसऱ्याच वळणावर कळलं की स्टिअरिंग फिरवलं तरी नाक कठड्याकडेच चाललंय. वेग जेमतेम तीस-पस्तीस. घाबरून ॲक्सिलरेटर सोडला, तर मागचा भाग उडी मारून बाजूला सरकला. परतीला घाटावर आल्यावर साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर उसाच्या ट्रॅक्टरांच्या रांगेत जीप लावली. काटेवाला हसला, पण वजन करून दिलं. पुढच्या चाकांवर मूळ वजनापेक्षा शंभर किलोहून जास्त भार आला होता आणि मागे काहीच वाढलं नव्हतं. मेस्त्रीचं वेल्डिंग उत्तम होतं, वायरिंगही नीट होतं. काटा मात्र आम्हा दोघांनाही सुचला नव्हता.

पहिल्यांदाच हे काम करायला निघालेल्यांसाठी पुढच्या पायऱ्या लिहिल्या आहेत. इंजिन कसं उतरवायचं, वायरिंग कसं जोडायचं, हे इथे नाही. इंजिन बदलल्यावर गाडी रस्त्यावर कशी वागेल आणि ती नीट वागावी म्हणून काय करायचं, एवढंच आहे.

कागद आधी

हे कंटाळवाणं आहे, म्हणून पटकन उरकतो. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. नोंदणीपुस्तकातला तपशील आणि उत्पादकाची मूळ रचना यांच्याशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच स्पष्ट केलं. त्याच बनावटीचं, त्याच प्रकारचं इंजिन बदलायचं असेल तर आरटीओची परवानगी घेऊन नवा इंजिन नंबर चढवून घ्यायचा. त्यापलीकडचे प्रयोग करायचे असतील तर गाडी ट्रॅकपुरती किंवा स्पर्धेपुरती ठेवा आणि ट्रेलरवरून न्या. विमा कंपनीला न कळवलेला बदल अपघाताच्या दिवशी महागात पडतो.

पायरी १: जुनं इंजिन गाडीत असतानाच वजन

इंजिन उतरवलं की ही संधी गेली. ट्रकच्या कुठल्याही वजनकाट्यावर थोड्या पैशांत काम होतं. टाकी भरून घ्या, म्हणजे पुढच्या वेळी तुलना करताना घोळ होत नाही. स्टेपनी आणि जॅक जागेवर ठेवा, माणसं उतरवा. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर घ्या, मग पूर्ण गाडी, मग फक्त मागची चाकं. पुढचं आणि मागचं मिळून पूर्ण गाडीइतकं यायला हवं. न आल्यास काटा आणि बाजूची जमीन एका पातळीत नाही असं समजा. वजन घेताना गाडी न्यूट्रलमध्ये आणि हँडब्रेक सोडलेला हवा. चाकं अडकलेली असली की आकडा चुकतो. ट्रकचे काटे साधारण पाच-दहा किलोच्या टप्प्यानं वाचतात, म्हणून तीनदा घ्या.

त्याच दिवशी, सपाट फरशीवर, प्रत्येक चाकाच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंतची उंची मोजून लिहून ठेवा. चार आकडे. ही वही पुढे सोन्याच्या मोलाची ठरते.

पायरी २: नवं इंजिन किती जड आणि किती पुढे

नुसत्या ब्लॉकचं वजन विचारू नका. गिअरबॉक्स, टर्बो, इंटरकूलर, मोठा रेडिएटर, त्यातलं पाणी, एसीचा कॉम्प्रेसर, मोठी बॅटरी हे सगळं धरून वजन करा. डिझेलमध्ये दाब जास्त म्हणून सगळंच जाडजूड असतं. ॲल्युमिनियम ब्लॉकच्या पेट्रोल इंजिनच्या जागी ओतीव लोखंडाचं डिझेल आलं की फरक सहज साठ-सत्तर किलोंवर जातो.

आता थोडं गणित, शाळेतल्या सी-सॉचं. समजा गाडीचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांतलं अंतर, २३७५ मिलिमीटर आहे (जिप्सीचा तेवढाच आहे) आणि नवं इंजिन ७० किलोनं जड आहे. त्या जास्तीच्या वजनाचा मध्य पुढच्या ॲक्सलच्या १०० मिलिमीटर पुढे आला, तर पुढच्या चाकांवर जवळपास ७३ किलो वाढतात आणि मागची चाकं ३ किलोंनी हलकी होतात. तेच वजन ॲक्सलच्या ३०० मिलिमीटर मागे बसवता आलं, तर पुढे ६१ आणि मागे ९ वाढतात. इंजिन तेच, फरक फक्त फाउंडेशन, म्हणजे इंजिन ज्यावर बसतं ते टेकू, कुठे वेल्ड केलं याचा. म्हणून इंजिन साखळीवर लटकलेलं असताना मेस्त्रीला "जरा मागे घे" म्हणायला लाजू नका. फायरवॉल (इंजिन आणि केबिनमधली पत्र्याची भिंत) थोडी ठोकावी लागेल, लागू द्या.

जिप्सीत मात्र एक अडचण आहे. तिचा ट्रान्सफर केस (पुढच्या आणि मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी) गिअरबॉक्सपासून वेगळा असतो आणि दोघांमध्ये छोटासा शाफ्ट असतो. इंजिन-गिअरबॉक्स मागे सरकवाल तितका तो शाफ्ट आखूड होतो आणि त्याचे क्रॉस (टोकांचे वळणारे सांधे) जास्त कोनात काम करतात. किती मागे जायचं हे तो शाफ्ट ठरवतो.

उंचीचंही तेच. जीपमध्ये पुढे अखंड ॲक्सल असतो, तो वर-खाली होतो, आणि इंजिनचा सम्प (खालची तेलाची टाकी) त्याला लागतो. मग सोपा उपाय म्हणून इंजिन दोन-तीन इंच वर उचललं जातं. तसं करण्याआधी पुढची पायरी वाचा.

पायरी ३: तुमच्या गाडीची अंगकाठी कशी आहे

एकच इंजिन वेगवेगळ्या अंगाच्या गाड्यांत वेगळं वागतं. इथे घाई करू नका.

आधी उंच आणि अरुंद गाड्या. वळणावर वजन आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर जातं. किती जातं ते गाडीचं वजन, वळणाचा जोर आणि गुरुत्वमध्याची उंची यांवर ठरतं, आणि दोन चाकांमधलं अंतर जितकं जास्त तितकं ते कमी होतं. एक टनाची जीप घ्या, गुरुत्वमध्य ६०० मिलिमीटरवर, चाकांतलं अंतर १३०० मिलिमीटर. गुरुत्वाच्या निम्म्या जोरानं वळवली तर सुमारे २३० किलो आतून बाहेर जातात. म्हणजे बाहेरच्या चाकांवर ७३०, आतल्यांवर २७०. गुरुत्वमध्य आणखी ५० मिलिमीटर वर गेला की हा आकडा २५० होतो. आतल्या बाजूचे ते २५० किलो रिकाम्या गाडीचे आहेत. वर हार्डटॉप, टपावर शिडी, दिवे आणि जेरीकॅन चढवल्यावर काय उरतं ते तुम्हीच मोजा. जीपमध्ये मोठं इंजिन घातलं की टपावरचा कॅरिअर काढा, हा माझा पहिला सल्ला असतो आणि तो आजवर एकानंही ऐकलेला नाही.

मारुती ओम्नीसारख्या व्हॅनमध्ये इंजिन पुढच्या सीटखाली असतं. वजनाची विभागणी त्यामुळे बरी राहते, पण व्हीलबेस १८४० मिलिमीटर, अंग उंच, मागे पाटे (लीफ स्प्रिंग). आखूड व्हीलबेसची गाडी पटकन वळते आणि तितक्याच पटकन हातातून सुटते. दुप्पट ताकद घेण्यासाठी ही गाडी बांधलेलीच नाही.

हॅचबॅकमध्ये मागे वजन कमी असतं. पुढे जड इंजिन घातलं की जोरात ब्रेक मारताना मागची चाकं जवळजवळ हवेत. सेडानची डिकी थोडा तोल देते, म्हणून तेच इंजिन एस्टीममध्ये जास्त शांत वाटतं आणि झेनमध्ये जास्त अवखळ. दोघींचा व्हीलबेस जवळपास सारखा, २३६५ आणि २३३५. रिकामा पिकअप म्हणजे तर मागे नुसता पत्रा. ओल्या रस्त्यावर शेपूट मारणं ठरलेलं.

झेनमध्ये एस्टीमचं १.३ घालणं हा आपल्याकडचा जुना, गाजलेला प्रयोग. तो इतका चालला याचं कारण वजनात आहे. दोन्ही इंजिनं सुझुकीच्या जी मालिकेतली, चार सिलिंडरची, ॲल्युमिनियम ब्लॉकची. सुरुवातीच्या झेनची ५० अश्वशक्ती, एमपीएफआय (फ्युएल इंजेक्शनच्या) एस्टीमची ८५, आणि नाकावर वजन मात्र फारसं वाढत नाही. आठशे किलोच्या आतल्या गाडीला याहून सुखाची वाढ नाही. तरीही अरुंद टायर आणि ब्रेक तेच ठेवलेली अशी झेन मी चालवली आहे. सरळ रस्त्यावर बाण, वळणाआधी देवाचा धावा.

अंगाचा ताठपणाही पाहा. मोनोकॉक गाडीत छप्पर, खांब, फायरवॉल आणि फरशी मिळून सांगाडा होतो. इंजिन बसावं म्हणून पुढचा क्रॉसमेंबर (सांगाड्याचा आडवा दांडा) कापला, तर सस्पेन्शनचे टेकू एकमेकांपासून हलू लागतात आणि मग कुठलीही स्प्रिंग घाला, गाडी दर वळणाला वेगळं उत्तर देते. कापलंच तर तेवढ्याच ताकदीचा आडवा जोड परत द्या. जीपला वेगळी चासी असते, तिथे एवढी भीती नाही, पण जुन्या चासीला गंज आणि तडे असतात. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीनं ठोकून आवाज ऐका.

पायरी ४: सस्पेन्शन

नवं इंजिन बसल्यावर पहिल्या दिवशीच उंचीचे चार आकडे परत घ्या. पुढे ६० किलो वाढले, म्हणजे प्रत्येक चाकावर ३०. चाकापाशी स्प्रिंगचा ताठपणा मिलिमीटरला २ किलो असेल तर गाडी पुढून १५ मिलिमीटर बसेल. वरकरणी किरकोळ. पण ते १५ मिलिमीटर खड्ड्यासाठी राखलेल्या जागेतून गेले. सस्पेन्शन पूर्ण दबल्यावर अडवणारं बम्प स्टॉपचं रबर लवकर लागतं, आणि वळणात ते लागलं की त्या चाकाची स्प्रिंग जणू दगड होते. पुढची पकड एकदम सुटते. माझ्या जीपचं घाटात हेच झालं होतं.

दुसरा परिणाम दिसत नाही, हाताला कळतो. झेनएवढ्या व्हीलबेसवर नाक मागच्यापेक्षा २० मिलिमीटर जास्त खाली गेलं की सगळी गाडी जवळपास अर्ध्या अंशानं पुढे कलते, आणि कॅस्टर, म्हणजे चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे झुकलेला कोन, तेवढाच कमी होतो. स्टिअरिंग आपोआप सरळ येईनासं होतं. लोक म्हणतात पॉवर स्टिअरिंगसारखं हलकं झालं. हलकं नाही, आंधळं झालंय.

इलाज वजनाच्या प्रमाणात. स्प्रिंगवरचं वजन २० टक्क्यांनी वाढलं आणि स्प्रिंग तीच राहिली, तर गाडीचा झोका सुमारे नऊ टक्क्यांनी मंदावतो आणि ती बोटीसारखी डुलते. स्प्रिंग २० टक्के ताठ केली की झोका पूर्वीच्या जागी येतो, आणि मग शॉकअपही तेवढाच घट्ट हवा. नुसती स्प्रिंग बदलून जुने शॉकअप ठेवले तर गाडी खड्ड्यानंतर दोन-तीनदा उसळत राहते. नवखा माणूस इथेच पैसे वाचवतो.

स्प्रिंग आणायची कुठून? कंपनीनं त्याच अंगात जड इंजिन कधी विकलं असेल, तर अर्धं काम झालेलं असतं. झेन आणि एस्टीम दोन्ही प्यूजोच्या १५२७ सीसी डिझेलमध्ये मिळायच्या. कॉन्टेसाला आधी १.५ बीएमसी, मग इसुझूचं १.८ पेट्रोल, मग इसुझूचंच डिझेल आलं. पार्ट्सच्या दुकानात दोन्ही मॉडेलांचे स्प्रिंग आणि शॉकअपचे पार्ट नंबर शेजारी ठेवून पाहा. नंबर वेगळे असतील तर जड मॉडेलचा घ्या. पुण्यात नाना पेठ, मुंबईत कुर्ला, अशा ठिकाणी जुन्या नंबरांचा मालही अजून निघतो. मात्र स्प्रिंग कापून आखूड करणं आणि कॉइलमध्ये रबरी गोळे कोंबणं, हे दोन्ही उपाय म्हणून मोजू नका.

पाट्यांबद्दल सविस्तर सांगतो, कारण जिप्सी आणि जीपवाले जास्त आहेत. पाटा एकटाच तीन कामं करतो. वजन पेलतो, ॲक्सल जागेवर धरतो, आणि इंजिनचा पीळही सोसतो. हा पीळ, म्हणजे टॉर्क, वाढला की निघताना मागचा ॲक्सल स्वतःभोवती फिरू पाहतो, पाटा एसच्या आकारात वाकतो, परत सुटतो, पुन्हा वाकतो. आतून ते धडधडल्यासारखं वाटतं. लोक क्लच बदलतात. काही महिन्यांनी मुख्य पाटा टोकाच्या डोळ्याजवळ (जिथे तो चासीला जोडतो) तुटतो. यावर उपाय म्हणजे ॲक्सलपासून चासीपर्यंत एक ट्रॅक्शन बार. जास्तीचे पाटे घातले की पीळ थोडा आवरतो, पण मागचा भाग ताठ होऊन रिकाम्या गाडीचं शेपूट अजून हलकं होतं. वजन पुढे वाढलंय, तर पाटा पुढे वाढवा. मागे नको.

पुढे पाटा वाढवला की उंची बदलते, आणि स्टिअरिंग बॉक्सपासून निघणारा आडवा रॉड वेगळ्या कोनात बसतो. गाडी सरळ चालत असताना स्टिअरिंग व्हील वाकडं दिसू लागतं. व्हील काढून सरळ लावणं हा शॉर्टकट झाला, मग एका बाजूचं वळण तोकडं पडतं. रॉडची लांबी जुळवून घ्या.

ही सगळी भानगड नवी नाही. १९६२ मध्ये अमेरिकन रेसर कॅरोल शेल्बीनं ब्रिटिश एसी कंपनीच्या ‘एस’ (Ace) या छोट्या गाडीत फोर्डचा व्ही-८ (आठ सिलिंडरचं इंजिन) बसवला आणि कोब्रा जन्मली. तो व्ही-८ पातळ भिंतींच्या ओतकामामुळे हलका होता, म्हणून जुने आडवे पाटे आणि तीन इंची नळ्यांची चासी निभावून गेली. पुढे ७ लिटरचं इंजिन घालायची वेळ आली तेव्हा मात्र १९६५ मध्ये चार इंची नळ्यांची नवी चासी करावी लागली आणि पाटे जाऊन कॉइल स्प्रिंग आल्या. फक्त इंजिन बदलून थांबता आलं नाही.

पायरी ५: बुश, टायर, ब्रेक

जुने बुश (सांध्यांमधले रबर) नव्या ताकदीपुढे लगेच हार मानतात. मारुती ८०० सारख्या गाड्यांत पुढचा स्टॅबिलायझर रॉड (वळणावर गाडीचं कलणं आवरणारा आडवा दांडा) खालच्या आर्मला पुढे-मागे धरून ठेवण्याचंही काम करतो. त्याचा बुश खाल्लेला असेल तर ब्रेक मारताना चाकच मागे सरकतं. पुढची चाकं ओढणाऱ्या गाडीत दोन्ही ड्राइव्ह शाफ्टची (चाकांपर्यंत ताकद नेणाऱ्या दांड्यांची) लांबी वेगळी असली की जोरात निघताना स्टिअरिंग एका बाजूला ओढतं. फाउंडेशनचे रबर नरम असले तर ते अजून वाढतं.

टायर दोन मापं रुंद घ्या, चार नाही. फार रुंद टायर मडगार्डला लागतो आणि ओढ्यासारख्या पावसात पाण्यावर तरंगतो. ब्रेक किमान त्या इंजिनच्या मूळ गाडीचे. पुढचं वजन वाढलं की मागचे ड्रम लवकर लॉक होतात, त्यामुळे मागचा दाब आवरणारा व्हॉल्व्ह चालू आहे ना, तो तपासा.

यानंतर व्हील अलाइनमेंट. आधी नाही.

पायरी ६: मोकळ्या मैदानावर

रस्त्यावर चाचणी नको. मोकळं, मालकाची परवानगी असलेलं मैदान किंवा बंद आवार घ्या. चुन्यानं मोठा गोल आखा. ठरावीक वेगात गोल फिरा आणि वेग हळूहळू वाढवा. स्टिअरिंग जास्त-जास्त फिरवावं लागतंय, नाक बाहेर जातंय, तर अंडरस्टिअर. इंजिन बदललेल्या बहुतेक गाड्यांत हेच सापडतं. मग गोलात असतानाच ॲक्सिलरेटर हलकेच सोडा. नाक आत आलं तर ठीक, शेपूट झटकलं तर मागचं वजन फार कमी झालंय. बॅटरी मागे न्या. पंधरा-वीस किलो पुढून उचलून मागे ठेवण्याचा हा सर्वांत स्वस्त मार्ग आहे. केबल मात्र जाड हवी, आणि बॅटरीपाशी फ्यूज हवा.

सुधारणा करताना एका वेळी एकच गोष्ट बदला आणि वहीत लिहा. सुरुवात टायरच्या हवेपासून. पुढे वजन वाढलंय म्हणजे पुढच्या हवेत दोन-तीन पाउंड वाढवून परत गोल फिरा. त्यानंतर स्टॅबिलायझर. पुढचा जाड केला तर अंडरस्टिअर वाढतो, मागचा जाड केला तर कमी होतो. पण पुढच्या चाकांवर चालणाऱ्या हलक्या हॅचबॅकमध्ये मागचा फार जाड केलात तर आतलं मागचं चाक कुत्र्यासारखं वर उचललं जातं. स्पर्धेच्या फोटोत ते छान दिसतं. बायको-मुलं बसलेली असताना नाही.

पाचशे किलोमीटरनंतर गाडी परत त्याच फरशीवर आणा आणि चारही उंच्या मोजा. नव्या स्प्रिंग आणि पाटे थोडे बसतातच, पाच-सात मिलिमीटर बसले असतील तर हरकत नाही. एका बाजूलाच जास्त बसले असतील तर त्या बाजूची स्प्रिंग काढा. पाट्यांचे यू-बोल्ट पुन्हा आवळा. बॅटरी लाइट घेऊन खाली जा आणि फाउंडेशनच्या वेल्डिंगजवळ रंगावर केसासारखी रेघ आलीय का ते बघा. आली असेल तर गाडी तिथेच उभी ठेवा आणि वेल्डरला गाडीपाशी बोलवा.